सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल: पानटपरीवरच्या दोन प्रश्नांचा हिशेब

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १७ तारखेला, किर्गिझस्तानची राजधानी असलेल्या बिश्केक शहरात भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाने उझबेकिस्तानचा २-१ असा पराभव केला. त्या दिवशी आपल्याकडे वसुबारस होती. सोयाबीन घरात आले होते, पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, पहिला वेचा सुरू होता आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी फुटबॉलचा विचार करायला कोणाला सवड नव्हती. तरीही दोन दिवसांनी बसस्थानकासमोरच्या पानटपरीवर टपरीवाल्याने मला थांबवून विचारले, "काहो सर, आपल्या पोरी वर्ल्डकपात पोचल्या म्हणते पेपरात, मंग मॅच कवा हाय?" मी उत्तर देण्याआधीच बाकावर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "त्याच ना ह्या, अमेरिकेकडून आठ गोल खाल्लेल्या?"

दोघांचेही म्हणणे चुकीचे होते. परंतु चूक त्यांची नव्हती. या स्पर्धांची नावे, वयाची अट, पात्रता फेऱ्या आणि गुणांचे गणित कोणी नीट उलगडून सांगत नाही, आणि बातमी चार ओळींत संपते. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे ती उकल करण्याची सवय अंगात मुरलेली आहे. त्या दिवशी एसटी लागल्यामुळे अर्धवट राहिलेले उत्तर येथे सविस्तर देत आहे.

सतराखाली म्हणजे नेमके काय

आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांमुळे १४, १७ आणि १९ वर्षांखालील हे शब्द खेड्यातल्या पालकांनाही ठाऊक असतात. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्येही तीच पद्धत आहे; तेथे मुलींसाठी मुख्य गट दोन आहेत, सतरा वर्षांखालील आणि वीस वर्षांखालील. सामन्याच्या दिवशी मुलीचे वय किती आहे हे येथे पाहत नाहीत, तर तिचा जन्म एका ठरावीक १ जानेवारीला किंवा त्यानंतर झाला आहे की नाही हे पाहतात. २०२५ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी ती तारीख १ जानेवारी २००८ होती, २०२६ साठी ती १ जानेवारी २००९ आहे. म्हणजे ३१ डिसेंबर २००८ रोजी रात्री जन्मलेली मुलगी २०२६ च्या स्पर्धेला मुकते आणि काही तासांनी जन्मलेली तिच्या शेजारची मुलगी खेळू शकते.

या एका अटीतूनच पुढचा सगळा विषय निघतो. देशाचा मुख्य महिला संघ हा संत्र्याच्या बागेसारखा असतो. झाडे दहा-बारा वर्षे उभी राहतात, एखादे वाळले तर त्या जागी नवे लावतात, आणि गेल्या साली बहर फुटला नाही तर यंदा तीच झाडे जोमाने फुटू शकतात. सतराखालचा संघ मात्र पऱ्हाटीसारखा हंगामी आहे. हंगाम संपला की वावर रिकामे होते आणि पुढच्या वर्षी नवे बियाणे पेरावे लागते. २०२२ मध्ये खेळलेल्या मुली २००५ ते २००७ या काळात जन्मलेल्या होत्या. २०२५ च्या ऑक्टोबरात बिश्केकला जिंकलेल्या संघात त्यांपैकी एकही असणे शक्यच नव्हते. बाकावरच्या गृहस्थांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर एवढ्यातच येते. नाव तेच, निळा रंग तोच, पण मुली वेगळ्या.

हंगाम हुकणे काय असते याचे याहून कडवट उदाहरणही आपल्याच देशात आहे. २०२० चा सतराखालचा विश्वचषक भारतात होणार होता. त्यासाठी मुली निवडल्या, शिबिरे झाली, आणि कोविडची साथ आल्याने स्पर्धा आधी पुढे ढकलली गेली, मग रद्दच झाली. यजमानपद भारताला २०२२ साठी पुन्हा मिळाले, परंतु २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्या मुली तोपर्यंत वयाच्या बाहेर गेल्या होत्या. स्पर्धा परत आली. त्यांना ती परत मिळाली नाही.

जन्मतारीख जूनची की पोळ्याची

माझ्या पिढीतल्या निम्म्या गावाची शाळेतली जन्मतारीख जून किंवा जुलै महिन्यातली आहे. माझी १ जुलै आहे. आई सांगायची की मी पोळ्याच्या दिवशी, बैल धुऊन आणल्यावर जन्मलो. पण नाव घालताना गुरुजींनी वय सहा भरेल असा आकडा दाखल-खारीज रजिस्टरात लिहिला आणि तोच पेन्शनच्या कागदापर्यंत चालत आला. आता जन्मनोंदणी बरीच सुधारली आहे, तरी क्रीडा स्पर्धेचा प्रवेश अर्ज भरताना शाळेचा उतारा एक तारीख आणि ग्रामपंचायतीचा दाखला दुसरी तारीख सांगतो, असे मी निवृत्त होईपर्यंत पाहिले आहे. तालुक्याच्या सामन्यात हे खपून जाते. पासपोर्ट काढताना खपत नाही, आणि पासपोर्टावाचून आंतरराष्ट्रीय सामना नाही.

मुलांच्या स्पर्धांत वयचोरी पकडण्यासाठी मनगटाचे एमआरआय काढून हाडांची वाढ पाहतात. फिफाने २००९ च्या मुलांच्या विश्वचषकापासून ही तपासणी वापरली आहे. मुलींची हाडे मुलांपेक्षा लवकर जुळतात, त्यामुळे सतरा वर्षांच्या सीमेवर ती कसोटी मुलींच्या बाबतीत भरवशाची ठरत नाही. म्हणून मुलींच्या बाबतीत कागदाला जास्त वजन येते, आणि तो कागद गावातच तयार होतो.

जन्मतारखेचा आणखी एक परिणाम आहे, जो सहसा लक्षात येत नाही. सीमारेषा १ जानेवारी असल्यामुळे एकाच वर्षात जानेवारीत जन्मलेली मुलगी डिसेंबरात जन्मलेलीपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असते. बारा-तेराव्या वर्षी हे अंतर उंचीत आणि ताकदीत स्पष्ट दिसते. निवड करणाऱ्याला वाटते की पहिली मुलगी गुणी आहे. प्रत्यक्षात ती फक्त मोठी असते. पुढे गुणी समजलेल्या मुलीला जास्त सामने मिळतात, आणि जास्त सामन्यांमुळे ती खरोखरच गुणी होते. जगभरच्या फुटबॉलमध्ये, विशेषतः मुलांमध्ये, वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या संघांत जास्त आढळते. मुलींमध्ये हा परिणाम तितका ठळक नाही, पण अगदीच नाही असेही नाही. मीसुद्धा चाचणीच्या दिवशी उंच मुलींना आधी पुढे बोलावत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गावापासून झुरिकपर्यंतची उतरंड

कोणती संस्था काय करते हे कळण्यासाठी पंचायत राज डोळ्यांसमोर आणावे. सर्वांत वर फिफा, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघ, ज्याचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे आहे. विश्वचषक भरवतो तो हा. त्याखाली प्रत्येक खंडाचा महासंघ. आपला आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजे एएफसी, क्वालालंपूरहून चालतो आणि आशिया चषक भरवतो. त्याखाली देशाचा महासंघ, आपल्याकडे एआयएफएफ, जो राष्ट्रीय संघ निवडतो. त्याखाली महाराष्ट्रासाठी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि तिच्याखाली जिल्हा संघटना. ग्रामपंचायतीच्या सदस्याला थेट जिल्हा परिषदेच्या सभेत बसता येत नाही, तसेच कोणत्याही देशाच्या संघाला आपल्या खंडाची फेरी ओलांडल्याशिवाय विश्वचषकात जाता येत नाही. यजमान देश हा त्याला अपवाद.

या उतरंडीचा एक नियम २०२२ मध्ये आपल्याला चांगलाच जाचला. त्या वर्षी एआयएफएफच्या निवडणुका रखडल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने कारभार पाहण्यासाठी प्रशासकांची समिती नेमली. सहकारी संस्थेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि सहकार खात्याने प्रशासक बसवला, हा प्रकार आपल्या सोसायट्यांत नवीन नाही. पण फिफाच्या नियमांत सदस्य महासंघाचा कारभार त्याच्या बाहेरच्या कोणीही हाती घेणे निषिद्ध आहे, मग ते न्यायालय का असेना. ऑगस्टच्या मध्यास फिफाने एआयएफएफला निलंबित केले. विश्वचषकाचे यजमानपदही त्यासोबत जाणार होते. समिती बरखास्त झाली, निवडणुकीचा मार्ग मोकळा झाला आणि महिना संपण्याआधी निलंबन उठले, म्हणून ११ ऑक्टोबरला स्पर्धा ठरल्याप्रमाणे सुरू होऊ शकली. मोठ्यांच्या खुर्च्यांच्या भांडणात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचा हंगाम दुसऱ्यांदा बुडता बुडता वाचला, असे मी तरी याकडे पाहतो.

यजमान असणे आणि पात्र ठरणे

आता टपरीवाल्याच्या प्रश्नाकडे येऊ. लग्नघरच्या माणसाला जेवणाच्या पंगतीत बसण्यासाठी आमंत्रण लागत नाही. २०२२ मध्ये भारत विश्वचषकात होता तो यजमान म्हणून. त्यात कमीपणा काही नाही, कारण स्पर्धा भरवणे हेही एक काम आहे. पण मैदानावर कोणाला हरवून ती जागा मिळाली नव्हती, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

२०२५ मधील बिश्केकची गोष्ट वेगळी आहे. तेथे चालली होती आशिया चषकाची पात्रता फेरी. आशिया चषक २०२६ मध्ये चीनमध्ये, बारा संघांचा. यजमान चीन आणि मागच्या स्पर्धेतील अव्वल संघ यांना थेट प्रवेश, उरलेल्या आठ जागा पात्रता फेरीतील आठ गटांच्या विजेत्यांना. भारताच्या गटात यजमान किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान असे दोनच प्रतिस्पर्धी होते. किर्गिझस्तानला भारताने २-१ असे हरवले. उझबेकिस्तानविरुद्ध आधी एक गोल स्वीकारावा लागला, त्यानंतर दुसऱ्या सत्रात थंडामोनी बास्के आणि अनुष्का कुमारी यांनी एकेक गोल केला. या वयोगटाच्या आशिया चषकात भारत २००५ च्या पहिल्या खेपेला होता, परंतु पात्रता फेरी जिंकून जाण्याची ही पहिलीच वेळ.

म्हणजे मुली पोहोचल्या त्या आशिया चषकात, विश्वचषकात नव्हे. आशिया चषकात उपांत्य फेरी गाठणारे चार संघ पुढे मोरोक्कोतील विश्वचषकाला जातात. तालुक्याला पहिला नंबर आला म्हणून राज्यस्तराचे प्रमाणपत्र मिळत नाही. मध्ये जिल्हा आणि विभाग असतो. हे आपल्या मुलींना पाठ आहे, बातमी लिहिणाऱ्यांना बहुधा नसावे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील संघानेही असेच केले होते. म्यानमारच्या यांगून शहरात इंडोनेशियाशी ०-० बरोबरी, तुर्कमेनिस्तानवर ७-० विजय आणि शेवटी यजमान म्यानमारवर १-० विजय, असे सात गुण मिळवून भारत गटात पहिला आला आणि वीस वर्षांनी त्या वयोगटाच्या आशिया चषकाला पात्र ठरला. त्या शेवटच्या सामन्यातला एकमेव गोल पूजाचा. त्याआधी जुलैमध्ये मोठ्या महिला संघाने चियांग माई येथे थायलंडला २-१ असे नमवून आपल्या गटाचा आशिया चषक गाठला होता. एकाच वर्षात तिन्ही संघ पात्रता फेरी जिंकून पुढे गेले. तीन वेगवेगळ्या वयांच्या संघांना एकाच वर्षी नशीब साथ देते, असे मला वाटत नाही. खाली काहीतरी हलले आहे.

आठ गोलांचा हिशेब

११ ऑक्टोबर २०२२, भुवनेश्वरचे कलिंग स्टेडियम, अमेरिका ८, भारत ०. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातून आलेली अस्तम उरांव भारताची कर्णधार होती, स्वीडनचे थॉमस डेनरबी प्रशिक्षक होते. त्यानंतर मोरोक्कोने ३-० आणि ब्राझीलने ५-० असे हरवले. तीन सामने, सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही.

त्या वेळी मला अनेकांनी विचारले की, चार-पाच गोल झाल्यावर अमेरिकेच्या मुलींनी हात आखडता का घेतला नाही? कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत केल्यावर कोणी वर आणखी गुद्दे मारत नाही. याचे उत्तर गुणतक्त्यात आहे. साखळी फेरीत, म्हणजे गटातील प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळण्याच्या फेरीत, विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. त्या गटात अमेरिका आणि ब्राझील यांची आपसांतील लढत १-१ अशी बरोबरीत सुटली आणि दोघींनी बाकीचे दोन्ही सामने जिंकले. दोघींचे गुण ७. मग पहिला क्रमांक कोणाचा? तेथे गोलफरक पाहिला जातो, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करायचे. अमेरिकेने भारताला ८-० आणि मोरोक्कोला ४-० असे हरवल्याने तिचा गोलफरक १२ झाला. ब्राझीलने भारताला ५-० आणि मोरोक्कोला १-० असे हरवल्याने तिचा ६. अमेरिका पहिली आली. क्रिकेट पाहणाऱ्यांनी याला नेट रनरेटचा भाऊ समजावे. सातव्या आणि आठव्या गोलाला असा उपयोग होता. त्यात अपमानाचा हेतू शोधण्याचे कारण नाही.

गंमत अशी की, एवढे करून पहिला क्रमांक अमेरिकेच्या फारसा कामी आला नाही. उपांत्यपूर्व फेरीत नायजेरियाने तिला बाहेर काढले, ब्राझीलला जर्मनीने. नवी मुंबईतील अंतिम सामना स्पेन आणि कोलंबिया यांच्यात झाला आणि स्पेनने तो १-० असा जिंकला, तोही कोलंबियाच्या स्वयंगोलावर.

मुलींच्या सामन्याचे नियम वेगळे असतात, असा एक समज आहे. मैदान तेच, चेंडू पाच नंबरचाच, वेळ ९० मिनिटेच. सतराखालच्या विश्वचषकात एक फरक जाणवतो: बाद फेरीत बरोबरी झाली तर अर्ध्या तासाचा जादा वेळ न देता थेट पेनल्टी घेतात, कारण वाढत्या वयाच्या शरीराला थोड्या दिवसांत बरेच सामने खेळावे लागतात. अमेरिका आणि नायजेरियाचा १-१ चा सामना असाच पेनल्टींवर ४-३ असा सुटला. २०२४ पासून आणखी एक सोय आली आहे. मुलींच्या दोन्ही वयोगटांच्या विश्वचषकांत त्या वर्षी प्रशिक्षकाला पंचाच्या निर्णयाविरुद्ध सामन्यात दोनदा दाद मागण्याची मुभा मिळाली. दाद खरी ठरली तर ती संधी शिल्लक राहते. क्रिकेटच्या डीआरएससारखेच हे आहे.

पण आठ गोल झालेच कसे

गोलफरकाने अमेरिकेचे वागणे समजते, भारताचा पराभव समजत नाही. 'आपल्या पोरींत दम नाही' हे बाकावरचे उत्तर सोपे आहे आणि ते मला मान्य नाही.

अमेरिकेत १९७२ मध्ये टायटल नाइन नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढेच तो म्हणतो; पण त्यामुळे शाळा-कॉलेजांना मुलींच्या खेळावरही खर्च करावा लागला. भुवनेश्वरला उतरलेल्या अमेरिकी मुलींच्या मागे पन्नास वर्षांची ती पेरणी होती. आपली इंडियन विमेन्स लीग, म्हणजे महिलांची राष्ट्रीय क्लब स्पर्धा, सुरू झाली २०१६-१७ मध्ये. भुवनेश्वरला भारताला ३-० असे हरवणारा मोरोक्कोचा संघही त्या वर्षी पहिल्यांदाच या विश्वचषकात आला होता. त्या देशाने महिलांच्या लीगमध्ये पैसा ओतला, त्यांचा मोठा संघ २०२३ च्या महिला विश्वचषकात शेवटच्या सोळांत पोहोचला आणि आता २०२५ ते २०२९ अशी पाच वर्षे सतराखालचा विश्वचषक दरवर्षी तेथेच भरतो, तोही चोवीस संघांचा.

फरक दमाचा म्हणण्यापेक्षा सामन्यांच्या संख्येचा आहे. फुटबॉलमध्ये चेंडू पायात येण्याआधी डोके फिरवून मागे कोण आहे हे पाहून ठेवावे लागते. आमच्या शाळेच्या मैदानावर मी हे मुलींना शंभरदा सांगत असे आणि सरावात त्या ते करतही. पण सामना सुरू झाला की नजर चेंडूला चिकटून राहायची. ही सवय शिट्टी वाजवून लागत नाही. चांगल्या प्रतिस्पर्ध्याने मागून येऊन दहा वेळा चेंडू हिसकावल्यावरच मान आपोआप वळू लागते. वर्षाला पावसाळ्यातल्या दोन शालेय फेऱ्या, एखादा हरला की घरी, अशा पद्धतीत आमच्या तालुक्यातील मुलीला वर्षभरात तीन-चार खरे सामने मिळत. तिने मान वळवायला शिकायचे तरी केव्हा?

दुसरे कारण रक्ताचे आहे, आणि ते विदर्भात अधिक गांभीर्याने घ्यावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू उचलून स्नायूंपर्यंत नेते. ते कमी असले की पहिली वीस मिनिटे मुलगी सगळ्यांच्या बरोबरीने धावते, नंतर मागे पडते, आणि आपण म्हणतो पोरगी आळशी आहे. वावरात कापूस भरपूर असला तरी बंड्या कमी असल्या तर जिनिंगपर्यंत माल कमीच पोहोचतो, तेच शरीरात होते. पूर्व विदर्भात त्यावर सिकलसेलची भर आहे. हा आनुवंशिक विकार असलेल्या मुलीला उन्हात, पुरेसे पाणी न देता, जोराचा सराव करायला लावणे धोक्याचे असते. हंगाम सुरू होण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यायला खर्च येत नाही. मी हे नोकरीच्या बऱ्याच उत्तरार्धात सुरू केले. त्याआधी ज्या मुलींना मी आळशी ठरवले, त्यांपैकी किती आजारी होत्या, कोण जाणे.

येथे जिंकून पुढे काय होते

यावर एक रास्त आक्षेप आहे. पोरवयातला चषक जिंकला म्हणजे मोठेपणी देश जिंकतोच का?

स्पेनकडे पाहिले तर होय म्हणावेसे वाटते. २०१८ आणि २०२२ चा सतराखालचा विश्वचषक स्पेनने जिंकला, २०२२ मध्येच वीसखालचाही, आणि २०२३ मध्ये मोठ्यांचा. सल्मा पारायुएलो ही खेळाडू २०१८ च्या सतराखालच्या, २०२२ च्या वीसखालच्या आणि २०२३ च्या मोठ्या, अशा तिन्ही विजेत्या संघांत होती. पण उत्तर कोरियाकडे पाहिले की घाई करवत नाही. सतराखालच्या गटात त्या देशाने २००८, २०१६, २०२४ आणि २०२५ असे चार विश्वचषक जिंकले, म्हणजे सर्वांत जास्त, तरी त्यांचा मोठा संघ २०१५, २०१९ आणि २०२३ यांपैकी एकाही महिला विश्वचषकात नव्हता. दक्षिण कोरियाने २०१० चा सतराखालचा चषक जिंकला. मोठ्यांचा अजून नाही. रोपे जोमदार असणे ही एक गोष्ट, आणि पुढे पाणी, खत, राखण मिळणे ही दुसरी. सतरा ते तेवीस या वयात मुलीला क्लब, पगार आणि नियमित सामने मिळाले नाहीत तर ती खेळ सोडते. आपल्याकडे याच वयात लग्नाची बोलणीही सुरू होतात.

आमच्याकडच्या मुलीचा रस्ता

'आपल्या भागात फुटबॉल कुठे आहे, इथे कबड्डी आणि खो-खो' असे म्हणणाऱ्यांना मी कामठीची आठवण करून देतो. कामठी-नागपूरला फुटबॉलची जुनी परंपरा आहे. विजय बारसे यांनी नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन उभे केलेले स्लम सॉकरचे कामही जगाने पाहिले आहे. अडचण नागपूरच्या पलीकडे सुरू होते. पांढरकवडा, धारणी किंवा एटापल्लीच्या मुलीपुढे रस्ता असा आहे: शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, किंवा सुब्रतो चषकाची आंतरशालेय स्पर्धा, किंवा जिल्हा संघटनेकडे नोंदणी करून राज्याच्या संघाची निवड चाचणी आणि तेथून राष्ट्रीय कनिष्ठ गट अजिंक्यपद, जेथे राष्ट्रीय संघाचे निवडकर्ते बसलेले असतात. खेलो इंडियाच्या अस्मिता लीगमुळे मुलींना आता एका पराभवानंतर घरी न जाता साखळी सामने खेळायला मिळू लागले आहेत, आणि मला वाटते, खाली जे हलले त्यात याचा वाटा असावा. राज्याची चाचणी बहुधा मुंबई-पुण्याकडे असते. नागपूरहून मुंबई आठशे किलोमीटरहून अधिक. गडचिरोलीच्या मुलीला आधी नागपूर गाठायचे असते. सोबत एक पालक, दोन दिवसांची बुडालेली मजुरी आणि परतीचे तिकीट, एवढा खर्च चाचणीला पोहोचण्याआधीच होतो.

पालकांचा आक्षेप मी कधी हसण्यावारी नेला नाही. "सर, खेळून पोट भरते का?" याला दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण ही दोन उत्तरे आहेत, परंतु ती वरच्या पातळीपर्यंत पोहोचणाऱ्यांनाच पुरतात. बाकीच्यांना काय मिळते, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर पासपोर्ट काढण्याची वेळ कधीच येत नाही, तरी बऱ्याच जणींना बसमध्ये एकटीने बसायची भीती राहत नाही. मी पालकांना एवढेच सांगत असे, यापुढचे आश्वासन देत नसे.

मोरोक्कोतील स्पर्धा २०२९ पर्यंत दरवर्षी आहे, आणि २०२९ साठी जन्मतारखेची सीमा येते १ जानेवारी २०१२. त्या वर्षी जन्मलेल्या मुली आज साधारण आठवीत आहेत. गेल्या आठवड्यात मी आमच्या जवळच्या एका आश्रमशाळेत गेलो होतो. मैदानाच्या टोकाला बाभळीचे दोन खांब रोवून गोल केला आहे, आडवा बांबू एका बाजूने घसरलेला आहे. मुख्याध्यापकांना विनंती करून मी आठवीचे रजिस्टर उघडायला लावले. मुलींची नावे एकतीस होती. त्यांतल्या नऊजणींच्या नावापुढे जन्मतारीख होती १ जून. कोणत्या खऱ्या आणि कोणत्या गुरुजींच्या, हे विचारायला मी दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांच्या घरच्यांना भेटणार आहे. जन्माचा दाखला दुरुस्त व्हायला वेळ लागतो.